आशेचा उतार

"बाऽबा... ओ बाऽबा..."

पहिली हाक अशी सरळ यायची, अंगणातनं माजघरात येणाऱ्या उन्हासारखी. तिच्यात शंका नसायची. बाबा घरात आहेत, आता येतील, एवढंच तिचं म्हणणं. दुसरी जरा लांबवलेली. तिसरीत लटका राग. चौथी आणि पाचवी एकीच्या पाठीवर एक, धापा टाकत. सहावी मात्र फार उशिरानं. आणि सातवी? ती हाक नव्हतीच. तो प्रश्न होता, हळू आवाजातला. "बाबा?"

याला अठ्ठावीस वर्षं झाली. डॉक्टर भूपाल कुंभोजे हल्ली चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधत, शेजाऱ्याचं नाव विसरत. पण तो आवाज विसरायची सोय नव्हती. दूध उतू जाताना तो यायचा, एसटी फलाटाला लागताना यायचा, देवळात सगळे डोळे मिटून बसले की हमखास यायचा. आणि आत्ता तो कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत आला होता, कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून ते माईकसमोर उभे असताना.

"काका, ऐकू येतंय न्हवं?" हेडफोनमधून सर्जेराव बोलला. हा ध्वनिमुद्रक, दाढी राखलेला, तिशीतला गडी.

"हो, येतंय."

"मग बोला की."

समोरच्या पडद्यावर चित्रातली एक चिमुरडी गच्चीच्या टोकावर उभी राहून हाक मारत होती. खाली प्रयोगशाळेत चित्रातला शास्त्रज्ञ बाबा चहाचा कप तोंडाला लावत होता. हाक आली तसा कप हवेत, एका पायात चप्पल, पांढरा कोट वाऱ्यावर, आणि बाबा जिन्यावरून धावत सुटला. त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं. महाराष्ट्रातल्या घराघरांतली पोरं ते वाक्य झोपेतसुद्धा म्हणत.

"आलो गं बयो, आलो," भूपाल म्हणाले.

काचेपलीकडं सर्जेरावनं कपाळाला हात लावला. "काका, आवाज लई गोड आलाय. पण तुम्ही रिक्षातनं आल्यासारखं वाटायलंय. जरा धावत या की."

त्याच्या शेजारी बसलेली चंदना, त्यांची मुलगी, खळखळून हसली. तिनं बटण दाबलं. "बाबा, अभिनय कशाला करताय? तुम्ही खरे यायचात तसे या फक्त."

भूपालांनी काचेकडं पाहिलं. आत ते एकटे, आणि पलीकडून ती त्यांचा प्रत्येक श्वास ऐकत होती. तेव्हाही अशीच काच होती. बाजू तेवढ्या उलट होत्या.

त्यांनी अकरा वेळा ते वाक्य म्हटलं. अकराही वेळा ते खोटं आलं.

*

आता 'लुकलुके' कुणाला माहीत नाहीत? पापडाएवढ्या काचेत राहणारा हा उजेडाचा जीव. त्याला भूक लागते, झोप येते, अंधाराची भीती वाटते. कुणाचा शेपटीवाला, कुणाचा बिनशेपटीचा. त्याच्या पोटात आकडे असतात, पण आपल्या पोटात तरी आतडी असतात हे आपण कुठं रोज आठवतो? लुकलुका शिकतो. कुठल्या वागण्यानं मूल जवळ येतं, कुठल्यानं दूर जातं, हे तो दिवसातून हजार वेळा मनाशी मांडतो, चुकलेलं खोडतो, बरोबर आलेलं पक्कं करतो. पाळण्यातल्या बाळाशी बोलतो, शाळकरी पोराचे पाढे घेतो. आईबाप कामावर गेले की घरात मुलाला जाग असते ती त्याचीच.

भूपालांनी हे जीव घडवले तेव्हा सुरुवातीला ते सपशेल आपटले होते. हुशार होते, दिसायला देखणे होते, पण मुलं त्यांना आठ दिवसांत विसरत. भूपालांनी महिनोन्‌महिने डोकं खाजवलं तेव्हा कारण सापडलं. लुकलुक्याची हाक मेलेली होती. एकटा पडला की तो दर वीस सेकंदांनी 'ये ना' म्हणायचा, घड्याळासारखा. जिवंत प्राणी असा हाक मारत नाही. जिवंत प्राण्याची प्रत्येक हाक म्हणजे एक अंदाज असतो, कुणी येईल का याचा. कुणी आलं नाही की अंदाज थोडा खाली येतो, पुढची हाक थोडी लांबते. मध्येच आशा उसळी घेते आणि दोन हाका लागोपाठ सुटतात. मग पुन्हा घसरण. कागदावर काढलं तर डोंगरावरून खाली येणाऱ्या पायवाटेसारखी रेघ दिसेल. भूपाल तिला 'आशेचा उतार' म्हणत. हा उतार यंत्राला एकदा मिळाला, की यंत्राला जीव आलाच.

पण तो मिळवायचा कुठून? त्यासाठी मूल लागणार, आणि त्या मुलाच्या हाकेला कुणी जायचं नाही. असल्या प्रयोगाला जगातली कुठली समिती परवानगी देणार? त्यांनी मागितलीच नाही.

त्याच सुमारास सासूबाई निपाणीला न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. भूपालांची बायको सुलोचना तिकडं धावली. जयसिंगपूरच्या घरात उरले बाप आणि अडीच वर्षांची चंदना.

जेवूनखाऊन दुपारी मूल खेळत असे त्या खोलीचं दार ते बाहेरून लावत. आत पाणी होतं, खेळणी होती, पडण्याबिडण्यासारखं काही नव्हतं. ही सगळी काळजी त्यांनी घेतली होती, आणि त्या काळजीची यादीही करून ठेवली होती. शेजारच्या खोलीत काचेमागं ते बसत. एका बाजूनं दिसणारी काच होती ती. यंत्र चालू असे. पहिल्या दुपारी चंदनानं एक्केचाळीस मिनिटं हाका मारल्या. रडली, दारावर हात आपटले, शेवटी उंबऱ्याशी आडवी होऊन झोपली. पाचव्या दिवसापासून रडणं गेलं, हाका मोजून सात उरल्या. नंतर पाच. नंतर तीन. दहाव्या दुपारी तिनं एकच हाक मारली आणि आपल्या बाहुलीला म्हणाली, "तू गप. ते नाहीत येत."

अकराव्या दुपारी हाक आली नाही. भूपालांनी वहीत तारीख टाकली आणि प्रयोग संपला असं लिहिलं.

शोधनिबंधात एक ओळ होती, 'एक मूल, वय अडीच वर्षं.' नाव नव्हतं. उताराचा मधला भाग, तो सात हाकांचा, त्यांनी लुकलुक्याच्या पोटात घातला. सात हाका, आणि मग मान खाली घालून गप्प बसणं. ते गप्प बसणं बघून पोरं कळवळली. जेवण टाकून लुकलुक्याकडं धावू लागली. वर्षभरात लाखो घरांत उजेडाचे हे जीव पोचले. भूपाल कुंभोजे या नावापुढं पुरस्कारांची रांग लागली.

सुलोचना निपाणीहून परतली ती पोर अंगानं भरलेली, अगदी शांत झालेली बघून हरखली. तिनं विचारलं, "त्रास दिला का हो?" भूपाल म्हणाले, "छे! एकदाही रडू दिलं नाही तिला." तोंडातून गेलं ते गेलं. पुढं हीच गोष्ट सुलोचनानं आयुष्यभर सांगितली. हळदीकुंकवाला सांगितली, बारशाला सांगितली, चंदनाच्या लग्नात व्याह्यांना सांगितली. अकरा दिवस एकट्या बापानं पोर सांभाळली, हाक मारायचा अवकाश की हातातलं टाकून हजर! बायका तोंडावर पदर धरून कौतुकानं बघायच्या आणि भूपाल मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, केवढा नम्र माणूस.

पाच वर्षांपूर्वी सुलोचना गेली, तीही ही गोष्ट खरी मानूनच. आणि चंदनानं, जिला त्या दिवसांतलं काहीएक आठवत नव्हतं, आईची ती गोष्ट उचलून तिची मालिका केली. 'लुकलुक्यांचं गाव'. त्यातला शास्त्रज्ञ बाबा, एका पायात चप्पल घालून धावणारा, तो म्हणजे हेच. तीन वर्षं त्या बाबाला मुंबईच्या एका नटाचा आवाज होता. शेवटच्या भागासाठी चंदनानं हट्ट धरला. म्हणाली, "आता खऱ्या बाबाचाच आवाज हवा."

*

स्टुडिओबाहेर चहाच्या गाडीवर तिघं उभे होते. सर्जेराव बशीत चहा ओतून फुंकत होता.

"काका, एक सांगू का, राग मानू नका," तो म्हणाला. "आमचा म्हातारा मी हाक मारली की यायचाच न्हाई. उलट मलाच बोलवायचा, आणि वर दोन ठेवून द्यायचा. तुमचा बाबा बघून मला वाटतं, आयला, असं बी असतं व्हय."

"सर्जा, पुरे," चंदना म्हणाली. "बाबा लाजतात."

भूपालांनी कप तोंडाला लावला. चहानं जीभ भाजली. बरं वाटलं.

चंदनानं पिशवीतून संहिता काढली. "बाबा, शेवटच्या प्रसंगाचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. कंपनीच्या जुन्या साठ्यातून ते मूळ ध्वनिमुद्रण मिळतंय. ज्या मुलाच्या आवाजावरनं लुकलुके हाक मारायला शिकले, ते. एक्केचाळीस मिनिटांतली एकच हाक घेणार मी, अगदी पहिली. पडदा काळा, ती हाक, आणि मग तुमचं वाक्य. पुढच्या सोमवारी ते पाठवतील."

कप हातातच राहिला.

"तुम्ही ओळखत असाल ना त्या मुलाला? कुणाचं होतं?"

"होतं... शेजारचं एक."

"जयसिंगपुरातलं? कोण? मग त्याला शोधायला हवं, बाबा. आता तीस वर्षांचं असेल, माझ्याच वयाचं. त्याचं नाव द्यायला हवं मालिकेत. एवढ्या पोरांनी त्याचा आवाज ऐकला आणि त्यालाच पत्ता नाही, असं कसं?" तिनं संहिता मिटली. "आणि त्याला विचारायलाही हवं. एक्केचाळीस मिनिटं कुणी गेलं कसं नाही त्याच्याकडं? हे नेहमी खटकतं मला."

"आता काय आठवणार," भूपाल पुटपुटले. "गेले ते लोक गाव सोडून."

खोटं बोलायला माणसाला एकदाच धीर लागतो. मग सवय पुरते.

त्यांच्या शबनम पिशवीत एक पत्र होतं, चार महिन्यांपासूनचं. बालवाडीच्या शिक्षिकांच्या एका मेळाव्यानं पाठवलेलं. लिहिलं होतं, गेली कित्येक वर्षं बघतोय, आमच्याकडं येणारी मुलं हाक मारून थांबतात. लागलं, अडकलं, भूक लागली, तर सहासात वेळा बोलावतात आणि गप्प होतात. पुन्हा बोलावत नाहीत, रडत नाहीत. आम्ही त्यांना 'सात हाकांची मुलं' म्हणतो. हे का होत असावं, आपण सांगू शकाल का?

ते का होतं हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता. मूल बोलणं ऐकून शिकतं, तसं हाक मारणंही ऐकूनच शिकतं. पाळण्यापासून या मुलांनी ज्या जिवाच्या हाका ऐकल्या, तो सातनंतर थांबायचा. हाका इतक्याच असतात, त्या संपतात, असं या मुलांना वाटलं. जयसिंगपुरातल्या बंद दारामागं एक पोर जे शिकली, तेच आता राज्यभरची मुलं शिकत होती. भूपालांनी चारदा उत्तर लिहायला घेतलं होतं. चारही वेळा 'एक मूल' इथं पेन थांबलं.

चंदनाचा फोन वाजला. ती "हां, बोला नसीमबाई," म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

*

राजुल, चंदनाची चार वर्षांची लेक, बालवाडीत सापडत नव्हती.

रिक्षा मंगळवार पेठेतून निघाली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सर्जेराव स्टुडिओ तसाच टाकून पुढं चालकाशेजारी बसला होता आणि त्याला "हाण, हाण" म्हणत होता. वडिलांचा हात चंदनानं इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या.

बालवाडी म्हणजे एका जुन्या तालमीच्या मागचं मोठं दालन. संमेलन जवळ आलेलं, त्यामुळं फळ्या, बाकं, सतरंज्या, कागदाचे डोंगर नि पुठ्ठ्याची झाडं यांचा नुसता ढीग पडलेला. नसीमबाई दारातच भेटल्या, घसा बसलेला, पदर सुटलेला. "अकरा वाजता लेझीम घेतली, तोपर्यंत होती हो ताई. मग डबे खायला बसवलं तर राजुल नाही. फाटक बंद होतं, बाहेर गेलेली नाही, शिपाई देवाची शपथ घेऊन सांगतोय. तासभर हाका मारतोय आम्ही. कुठून आवाज नाही, काही नाही."

"राजुल! राजूऽल!" चंदना आत धावली. मागच्या अंगणातून, संडासापासून, विहिरीच्या जाळीपासून तिचा आवाज येत राहिला. विहिरीपाशी तो फाटला.

भूपाल दालनाच्या मधोमध उभे राहिले. अकरा वाजता लेझीम आणि ढोल. म्हणजे राजुलनं हाक मारली असणार ती तेव्हाच, आणि कुणाला ऐकू गेली नसणार. सात झाल्या असणार, तिच्याही उशाशी पाळण्यापासून लुकलुकाच होता. आता ती गप्प बसून होती. तिच्या नावानं कुणी कितीही ओरडलं, तरी ती उत्तर देणार नव्हती. ज्याच्या हाका संपल्या, त्याला दुसऱ्याच्या हाकेचं काय? पुढं काय होतं हे त्यांना माहीत होतं. उंबऱ्याशी आडवं झालेलं एक मूल त्यांनी काचेतून पाहिलं होतं.

आणि त्या क्षणी, का कोण जाणे, त्यांना आपली आई आठवली. खुरपणीला बायकांची रांग शेतात असायची आणि बांधावर बाभळीखाली पोरं. पोरानं हाक मारली की आईला उठता यायचं नाही, मुकादम बघत असायचा. पण ती तिथूनच ओ द्यायची. आईला ऐकू गेलं नाही तर शेजारची द्यायची, पोर कुणाचं का असेना. साऱ्या रांगेत असा नेम होता, की लेकराची हाक खाली पडू द्यायची नाही. आई खुरपता खुरपता गायची,

*बांधाच्या सावलीला गं, हाक मारी माझा रावा,*
*हात गुंतले तणात, ओ देते मी बाई वाऱ्यावा.*

यायला जमलं नाही तरी ओ देता येते. काचेमागं बसलेल्या माणसाला अकरा दुपारींत तेवढंही सुचलं नव्हतं. म्हणजे सुचलं होतं. दिली नव्हती.

"नसीमबाई," ते म्हणाले, "तिचं नाव घेऊ नका. ओ द्या."

"अँ? कशाला ओ, काका? तिनं हाक कुठं मारलीय?"

"मारलीय. आपण ऐकली नाही. आता ऐकल्यासारखी ओ द्या. सगळ्यांना सांगा. सर्जेराव, तूपण."

सर्जेरावनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. त्याला वाटलं असणार, म्हातारा हबकलाय. पण त्यानं छाती भरून घेतली आणि आरोळी दिली, "ओऽऽऽ!"

शिपायानं अंगणातून दिली. नसीमबाईंनी बसक्या घशानं दिली, "ओऽ बेटा, ओऽ!" चंदना जाळीपाशी थबकली, तिला काही कळेना, पण तीही म्हणाली. भूपाल भिंतीच्या कडेकडेनं, ढिगाजवळून, एकेका फटीला तोंड लावून म्हणत गेले. "ओ गं. ओ बाळा. ऐकलं. ओ." मग सगळे थांबले.

पुठ्ठ्याच्या डोंगरामागून, बाकांच्या थप्पीच्या नि भिंतीच्या मधून, एक छोटासा, विचारात पडलेला आवाज आला.

"इथं."

बाकं सर्जेरावनं एकट्यानं उचलली. राजुल भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय दोन फळ्यांत अडकलेला, घोट्याला ही एवढी सूज. डोळे कोरडे होते. चंदनानं तिला उराशी धरलं आणि तीच रडू लागली.

"अगं राजू, हाक का नाही मारलीस गं? आम्ही किती..."

"मारली की," राजुल म्हणाली. "सात वेळा मारली."

"मग आणखी मारायची!"

राजुलनं आईकडं पाहिलं. मोठ्या माणसांना साध्या साध्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, तसं तिनं सांगितलं, "संपल्या होत्या ना."

*

हाडाला चीर गेली होती, बारीकशी. दवाखान्यात डॉक्टरांनी राजुलला आत नेलं होतं. प्लास्टर निळं हवं की गुलाबी, यावर तिची आणि सर्जेरावची चर्चा चाललेली बाहेर ऐकू येत होती. सर्जेराव गुलाबीच्या बाजूनं होता.

बाहेरच्या बाकावर बापलेक बसले होते. उन्हं उतरत होती. चंदनानं डोळे पुसले आणि डोकं वडिलांच्या खांद्यावर टेकलं.

"तुम्हाला कसं सुचलं हो ते? आम्ही नुसते बोंबलत होतो आणि तुम्ही..." ती ओलं हसली. "आई सांगायची ते खोटं नव्हतं. मला त्या दिवसांतलं काही आठवत नाही, बाबा, पण माझ्या अंगाला माहीत आहे. हाक मारली की तुम्ही यायचात. मोठेपणी कितीतरी वेळा एकटं वाटलं, पण मी कुणाला बोलावलं नाही. म्हटलं, माझं लहानपणीच पोटभर झालंय, मला काय गरज."

बोलावलं नाही. तिला ती आपली श्रीमंती वाटत होती. नवऱ्याची बेळगावला बदली झाली तेव्हा तिनं त्याला 'राहा' म्हटलं नव्हतं. बाळंतपणाच्या कळा सहा तास सोसल्यावर मग माहेरी फोन केला होता. 'किती सोशिक पोर', सगळे म्हणायचे. तेही म्हणायचे.

आजही गप्प राहता आलं असतं. सुलोचना गेली होती. कंपनीला एक फोन केला की ते ध्वनिमुद्रण सोमवारी आलं नसतं, खराब झालंय म्हणून सांगता आलं असतं. खांद्यावर हे डोकं असंच राहिलं असतं, त्यांच्या उरलेल्या आयुष्यभर. एवढं सुख कोण सोडतो? पण आत प्लास्टर बांधून घेत असलेली पोर त्यांना दिसत होती. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की हाका संपत नाहीत. आणि ते सांगायचं तर त्या संपवल्या कुणी, हे आधी सांगावं लागणार होतं.

"चंदना," ते म्हणाले, "डोकं काढ जरा. माझ्याकडं बघ."

तिनं पाहिलं.

"ते मूल शेजारचं नव्हतं. तू होतीस."

"कुठलं मूल?"

"ध्वनिमुद्रणातलं. आई निपाणीला गेली होती तेव्हा. ते अकरा दिवस." त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटत होता. "दुपारी मी दार बाहेरून लावायचो. काचेमागं बसायचो. तू हाका मारायचीस आणि मी मोजायचो. मला सगळं ऐकू येत होतं. मी आलो नाही. एकदाही नाही."

आत सर्जेराव कशावर तरी हसला. चंदना बाकावर थोडी सरकली, फार नाही, वीतभर.

"आईला माहीत होतं?"

"नाही. मी तिच्याशी खोटं बोललो. ती तेच सांगत राहिली आणि मी सांगू दिलं. तू त्याची मालिका केलीस, तेही करू दिलं. आज राजुल जे म्हणाली ना, हाका संपल्या, ते तिच्याजवळ माझ्यामुळं आलं. तिच्याकडं लुकलुक्याकडून, लुकलुक्याकडं तुझ्याकडून, आणि तुझ्याकडं माझ्याकडून. त्या बालवाडीच्या बायकांना मी हे लिहिणार आहे, नावासकट. पण आधी तुला सांगायचं होतं."

ते थांबले. किती वेळ झाला ते त्यांनी मोजलं नाही.

"मी रडले का हो?" तिनं विचारलं. तिचा आवाज सपाट होता.

"चार दिवस. खूप."

"आणि मग?"

इथंही थांबता आलं असतं. वहीत जेवढं लिहिलं होतं, तेवढं सांगून झालं होतं. जे वहीत नव्हतं, ते त्यांनी आजवर स्वतःलासुद्धा पुरतं सांगितलं नव्हतं.

"मग हाका कमी होत गेल्या. सहाव्या दिवशी मी उठलो होतो, कडीला हात लावला होता. पण उतार अर्धवट राहिला असता म्हणून मागं फिरलो. अकराव्या दिवशी तू हाक मारलीच नाहीस. तासभर नाही. खेळत बसलीस आपली आपली, दाराकडं पाठ करून." त्यांनी श्वास घेतला. "आलेख पुरा झाला होता. तू माझी वाट बघणं सोडलंस, चंदना, आणि मला आनंद झाला. एकटाच होतो त्या खोलीत. मी टाळी वाजवली."